वॉर्ड चारमध्ये कोण आत आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. पन्नाशी दारात येऊन उभी आहे. माणसानं आता रोज थोडं स्वतःशी बोलावं. दुसऱ्या कुणी हे वाचायचं नाही. बायको वाचणार नाही, तिला माझं अक्षर लागत नाही.

संकल्प. पहाटे पाचला उठणे. अर्धा तास प्रार्थना. चहा बिनसाखरेचा. हातातलं काम त्याच दिवशी संपवणे. खोटं न बोलणे (हे जुनंच आहे, पण लिहून ठेवलेलं बरं).

आज साडेसातला जाग आली. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये. प्रार्थना बसस्टॉपवर उभ्यानं केली. देवाला जागेचं बंधन नाही.

५ फेब्रुवारी

ताई तळघरात उतरून आली. गुडघ्यांनी ती हैराण आहे, तरी आली, म्हणजे काम गंभीर.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वॉर्ड चारची इन्चार्ज सिस्टर. मी याच हॉस्पिटलचं कॉम्प्युटर खातं सांभाळतो. खातं म्हणजे मी, एक सर्व्हर, आणि गळक्या एसीखाली ठेवलेली बादली. भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं. ती फिरायला लागली की माझं टेबल हलतं. मला इथे ताईनंच चिकटवलं. हे ती कधी बोलून दाखवत नाही. बायको दाखवते.

तक्रार अशी. पेशंटला औषध दिलं की सिस्टर लोकांनी कॉम्प्युटरवर 'दिलं' हे बटण दाबायचं. सिस्टिम मीच लिहिली आहे. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर ती आपोआप बाहेर काढते. मग पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड. हातात मोजे. मोजे काढा, टाइप करा, नवे मोजे घाला.

"धाकट्या," ताई म्हणाली, "माणूस माझ्या अंगावर ओकतोय आणि तुझं यंत्र मला विचारतंय, आपण कोण?"

मी म्हटलं एका ओळीचं काम आहे. ती म्हणाली, मग ओळीला एवढा विचार कसला करतोस. ती समोर बसलेली असतानाच दहा मिनिटांच्या जागी एक वर्ष केलं. देवाचं नाव घेतलं आणि सर्व्हरवर चढवलं.

एका ओळीत एवढ्या बायकांची सोय. सेवा म्हणतात ती हीच.

चहात साखर घेतली. ताई आली होती, पाहुण्यासमोर वेगळं दिसू नये.

१० फेब्रुवारी

वॉर्डातल्या सिस्टर लोकांना प्रशिक्षण दिलं. मला सोपं करून सांगता येतं; खेड्यातल्या शाळेत शिकल्याचा हा फायदा.

म्हटलं, सर्व्हर विसरभोळा असतो. तुम्ही पासवर्ड देऊन आत आलात की तो तुम्हाला एक चिठ्ठी देतो. तिला कुकी म्हणतात. पुढच्या प्रत्येक वेळी कॉम्प्युटर ती चिठ्ठी दाखवतो आणि सर्व्हर म्हणतो, या सिस्टर. तो तोंड बघत नाही, चिठ्ठी बघतो.

मग आमच्या गुरुजींचा ठोकळा सांगितला. एक खोली, चार इयत्ता, एक गुरुजी. बाहेर जायचं तर टेबलावरचा लाकडी ठोकळा उचलायचा आणि फळ्यावर आपलं नाव लिहायचं. ज्याच्या हातात ठोकळा, तो बाहेर दिसला तरी चालेल. आम्ही ठोकळा खिडकीतून परत आत द्यायचो. अर्धी शाळा झाडाखाली आणि फळ्यावर नाव एकाचंच. खूप हसल्या.

एक सिस्टर आहे, तिला सगळे वावटळ म्हणतात. एका हातानं सलाईन, दुसऱ्यानं कीबोर्ड, पाय दाराकडे. तिनं विचारलं, सर, मग चिठ्ठी माझ्या हातात आणि नाव दुसरीचं, असं झालं तर? मी म्हटलं, तसं करायचं नसतं. पुन्हा हसल्या.

शेवट मी या वाक्यानं केला: माणूस खोटं बोलतो, कॉम्प्युटर बोलत नाही. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे सर्वेसर्वा, मागे येऊन उभे होते. त्यांनी मान डोलावली.

१३ फेब्रुवारी

बाहेरून एक ऑडिटवाली बाई नेमली आहे, सगळी सिस्टिम तपासायला. वय माझ्या निम्मं, मेल माझ्या दुप्पट. विचारते, तुमचं सेशन किती वेळानं संपतं? म्हणजे एकदा आत आलेला माणूस किती वेळ आत धरला जातो? आणि कोड पाठवा.

सिस्टिमच्या माहितीपुस्तिकेत दहा मिनिटं लिहिलं आहे. पुस्तिका मीच लिहिली आहे. म्हणून उत्तर दिलं: दहा मिनिटं. पुस्तिकेबाहेरचं बोलून गोंधळ कशाला वाढवा. त्यातून ती सोय तात्पुरती आहे. पुढे दोन तासांवर आणायची, असा विचार चालू आहे.

कोड पाठवतो म्हटलं. आधी जरा नीटनेटका करावा. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर आपण पसारा आवरतोच.

१९ फेब्रुवारी

पाचचा गजर झाला. बायकोनं बंद केला. जबाबदारी तिची.

वॉर्ड चारमध्ये प्रिंटर बघायला गेलो. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात 'आत आहेत' असं लिहून पुढे नाव येतं, ही कल्पना माझीच. नाव ताईचं. ताई तेव्हा खाली स्टोअरमध्ये होती. संध्याकाळी पुन्हा गेलो, ताई घरी गेलेली. तरी आत आहेत: ताई.

विचारलं तर कळलं, वॉर्डात रीतच पडली आहे. ताई सगळ्यांच्या आधी येते, मशीन उघडते, मग दिवसभर सगळ्या त्यावरच लिहितात. रात्रपाळीसुद्धा. आता बंदच होत नाही म्हटल्यावर उघडायचाही प्रश्न नाही. शिवाय पोरींचं म्हणणं, वर सिस्टरचं नाव असलं की पाळी बरी जाते. गेल्या पंधरवड्यात एकही पेशंट दगावला नाही.

सांगायला हवं होतं, असं चालत नाही म्हणून. पण श्रद्धा आहे. कुणाची श्रद्धा मोडणारा मी कोण?

शिवाय 'बाहेर पडा' दाबून पाहिलं. पान बदलतं, पण मागे गेलं की पुन्हा ताई आत. ते बटण दुरुस्त करायचं राहिलं आहे. सोमवारी.

२५ फेब्रुवारी

ताई जेवायला आली होती. वॉर्डात खाट नऊवर एक म्हातारे घड्याळजी आहेत. त्यांना फिट येतात. दुपारी दोनची गोळी चुकवून चालत नाही. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ कित्येक महिने बंद होतं. यांनी खाटेवर बसून ते चालू केलं. भिंग नव्हतं तर ताईचा चष्मा डोळ्याला लावला. आता म्हणतात, सिस्टर, दोनला एक मिनिट जरी उशीर झाला तरी मला कळणार. घड्याळ माझ्या हातचं आहे.

ताई हसत होती. तिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

बायकोनं मध्येच मला विचारलं, नळाचं काय झालं. मी म्हटलं, बघतो. ती ताईला म्हणाली, तुमच्या भावाचं 'बघतो' म्हणजे 'नाही' असतं, फक्त लांब असतं.

२७ फेब्रुवारी

घड्याळजींना संध्याकाळी मोठी फिट आली. खाटेवरून पडले, डोक्याला लागलं. वर अतिदक्षता विभागात हलवलं आहे.

दोनची गोळी त्यांच्या औषधाच्या पाकिटात तशीच सापडली. कॉम्प्युटर म्हणतो, दिली. देणाऱ्याचं नाव ताई.

ताई म्हणते, दोन वाजता मी मधल्या जिन्यात बसले होते. गुडघा धरून. एकटीच. तिथे कॅमेरा नाही.

देवाजवळ बराच वेळ बसलो. तो बघतो आहे. माणसानं घाई करू नये.

१ मार्च

घड्याळजी गेले.

वॉर्डातलं घड्याळ चालू आहे म्हणे.

२ मार्च, रविवार

शांतपणे विचार केला. ताईच्या चिठ्ठीवर कुणीतरी भलत्याच खाटेपुढे 'दिलं' दाबलं. वावटळ असेल, दुसरी कुणी असेल. दाबणारीलाही आता आठवणार नाही. एका पाळीत शेकडो वेळा दाबतात. ही चूक मुळात सिस्टर लोकांच्या रीतीची. तांत्रिक भाग त्यात थोडा. तरी मी एक सविस्तर टिपण लिहून मोठ्या डॉक्टरांना देणार. सगळं मांडायचं: पाच तारखेचा बदल, एक वर्ष, 'बाहेर पडा'चं बटण. सत्याला भिऊ नये.

टिपणाचं शीर्षक लिहिलं. मजकूर उद्या. रविवारी अशा गोष्टी लिहिल्या की भाषा कडक होते.

४ मार्च

चौकशी कमिटी. मोठे डॉक्टर, मेट्रन, आणि एक वकील. टेबलावर पाण्याचे ग्लास होते, पण सगळे झाकलेलेच राहिले.

ताईनं सांगितलं, मशीन सकाळी मी उघडते, मग त्यावर कोण कोण लिहितं ते मी बघत बसत नाही. पासवर्ड कुणाला दिला का? नाही. इतर सिस्टरना एकेक करून बोलावलं. प्रत्येकीनं सांगितलं, आम्ही आपापल्या नावानंच लिहितो. वावटळीनं सांगताना ताईकडे पाहिलं नाही. ताईनं कुणाचंच नाव घेतलं नाही.

मग मला विचारलं. पासवर्ड नसताना दुसरं कुणी यांच्या नावावर लिहू शकतं का? वेळानं सिस्टिम बंद होते ना?

मी म्हटलं, रचनेनुसार सिस्टिम दहा मिनिटांत बाहेर काढते. पुस्तिकेचं पान क्रमांकासह सांगितलं.

हे खोटं नाही. रचना तशीच आहे. मी रचनेबद्दल बोललो. आज ती प्रत्यक्षात कशी चालते, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगणारच होतो.

वकिलांनी विचारलं, म्हणजे यंत्र खोटं बोलत नाही? उत्तर मोठ्या डॉक्टरांनीच दिलं. माझंच वाक्य, शब्दाला शब्द.

५ मार्च

ताई घरी आली. बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, चौकटीला हात धरून.

म्हणाली, नोकरीचं मला काही नाही, गुडघ्यांनी तशीही ती संपवलीच होती. पण घड्याळजींची मुलगी वॉर्डात आली होती. बापाच्या चपला घ्यायला. तिनं मला विचारलं, गोळी दिली नाही तर नाही, पण दिली असं का लिहिलंत?

"मला तिला सांगायचंय की मी ते लिहिलं नाही," ताई म्हणाली. "तुला एकच विचारते. माझ्या नावावर दुसरं कुणी लिहू शकतं का?"

मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर,

"तांत्रिक नको. हो की नाही?"

"बघून सांगतो," मी म्हटलं.

तिनं चौकटीवरचा हात काढला. मग म्हणाली, बघ, आणि गेली. बायको पोळपाट धूत होती. ती पोळपाट बराच वेळ धूत राहिली.

उद्या सकाळी टिपण. नक्की.

७ मार्च, शुक्रवार

काल टिपण झालं नाही, सर्व्हरखालची बादली भरून वाहिली. आज प्रिंटरमध्ये शाई नव्हती. हातानं लिहिलं असतं, पण अशा कागदाला वजन राहत नाही.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांना प्रत्यक्षच भेटावं. लिहिण्यापेक्षा बोलणं चांगलं. तोंडी बोलण्यात प्रांजळपणा असतो.

१० मार्च, सोमवार

वरून निरोप आला, ताईचं खातं बंद करा. तिनं शुक्रवारीच राजीनामा सही करून दिला होता. मला बोलली नाही.

खातं मीच बंद केलं. बटण दाबण्याआधी हात जोडले. काय मागितलं ते इथे लिहीत नाही. ताईला यातून सोडव, एवढंच. मार्ग दाखव.

११ मार्च

देव आहे.

सकाळी लॉग उघडला. लॉग म्हणजे कुणी कधी काय दाबलं त्याची जंत्री; जागा कमी, म्हणून दोनच दिवसांची राहते. वॉर्ड चारमध्ये आज सकाळपासून ताई औषधं देते आहे. खाट एक, खाट दोन, खाट पाच. रात्रीसुद्धा देत होती. ताई घरी गुडघ्याला शेक देत बसली आहे आणि इथे ती अठ्ठेचाळीस तास जागी आहे.

कारण साधं आहे. खातं चालू आहे की बंद, हे माझी सिस्टिम फक्त दारात तपासते. आत गेलेल्याला पुन्हा विचारत नाही. ताईची चिठ्ठी त्या मशीनमध्ये अजून जिवंत आहे आणि ती आणखी अकरा महिने जगेल.

याहून मोठा पुरावा नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला? मोठ्या डॉक्टरांना हात धरून पडद्यापुढे आणायचं आणि म्हणायचं, बघा, कोण आत आहे.

मी मागितलं आणि त्यानं लगेच दिलं. डोळे भरून आले. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

जाण्यापूर्वी मात्र एक विचार. काम सोडून गेलेल्या बाईच्या नावावर पेशंटना औषधं दिली जात आहेत, हे धोक्याचं आहे. उद्यापर्यंत तसंच ठेवणं पाप होईल. आधी दुरुस्ती, मग बोलणं. घराला आग लागली तर आधी पाणी टाकतात.

१२ मार्च

दुरुस्ती केली. उत्तम झाली. आता सेशन दहा मिनिटांत संपतं. 'बाहेर पडा' म्हणजे खरंच बाहेर. खातं बंद असेल तर चिठ्ठी तिथेच रद्द. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या एका फटक्यात जाळल्या. राउंड चालू असताना सगळं हॉस्पिटल एकदम बाहेर पडलं. दहा फोन आले. मी शांतपणे सगळ्यांना म्हटलं, सुरक्षेसाठी.

आयटीचं खातं, म्हणजे माझं, तेवढं वगळलं. दुरुस्ती करणाराच दर दहा मिनिटांनी बाहेर फेकला गेला तर घर सांभाळणार कोण?

दुपारी फार्मसीतून ओरड. बंद खात्याच्या नावानं नोंदी आल्यात, बिलं अडकली. बरोबर आहे त्यांचं. त्या दोन दिवसांच्या नोंदींवरचं ताईचं नाव काढून 'वॉर्ड' असं टाकलं. एक ओळीचं काम. ताईचं नाव अशा भलत्या जागी राहावं, हे मलाही बघवत नव्हतं.

पसारा आवरला. कोड ऑडिटवाल्या बाईंना पाठवून दिला. किती दिवसांचं ओझं उतरलं.

१४ मार्च

ऑडिटवाल्या बाईंचं उत्तर: सेशन हाताळणी समाधानकारक. असं काम क्वचित दिसतं.

त्याच बळावर वर गेलो. मोठ्या डॉक्टरांपुढे बसलो आणि बोललो. सगळं. पाच तारखेची ओळ, एक वर्ष, ताई समोर बसलेली, रीत, ठोकळा, घड्याळजी. मध्ये थांबलो नाही. आयुष्यात इतकं सरळ कधी बोललो नसेन.

त्यांनी मध्ये तोडलं नाही. पाणी पुढे केलं. मग विचारलं, दाखवा.

मी त्यांच्या नावानं सिस्टिम उघडून दिली. त्यांनी स्वतः थांबून पाहिलं. दहा मिनिटांत बाहेर. म्हणाले, हे तर तुम्ही कमिटीत सांगितलं तसंच आहे. मी म्हटलं, परवा दुरुस्त केलं. त्यांनी विचारलं, आधीचा कोड? ठेवत नाही, घाण साचते. ताईच्या नावाच्या त्या दोन दिवसांच्या नोंदी? त्यावर आता 'वॉर्ड' आहे. ऑडिटवाल्या बाईंना फेब्रुवारीत काय कळवलं होतंत? दहा मिनिटं.

त्यांनी बाईंचा कागद माझ्यापुढे सरकवला. समाधानकारक.

मग उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "थोरल्या बहिणीसाठी माणूस काय काय स्वतःवर घेतो. मी समजू शकतो. हे बोलणं या खोलीतच राहील."

मी तसाच बसून होतो. ते दार उघडून उभे होते.

१६ मार्च, रविवार

ताईकडे गेलो. तिनं गुडघ्याखाली उशी घेतली होती. सांगितलं, मी सगळं सांगितलं त्यांना.

"कधी?"

"परवा."

ती पंख्याकडे बघत होती. म्हणाली, "त्या शुक्रवारी राजीनाम्यावर सही करायला बसले तेव्हा मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं होतं. म्हटलं, माझा भाऊ बघून सांगणार आहे."

तिनं विचारलं, जेवलास का. मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

निघताना म्हणाली, त्या मुलीचा पत्ता मिळाला तर बघ. मी 'बघतो' म्हणणार होतो. म्हटलं नाही. नुसती मान हलवली.

गुरुजींच्या ठोकळ्याची गोष्ट मी प्रशिक्षणात अर्धीच सांगितली होती. एक दिवस गुरुजींनी खोलीतली डोकी मोजली. मग फळ्याकडे पाहिलं. झाडाखाली आम्ही अर्धी शाळा होतो. मार मात्र फळ्यावर नाव होतं त्याला. तो पोरगा केव्हाच परत येऊन जागेवर बसला होता, पाटीवर पाढे लिहीत.

१७ मार्च

वॉर्ड चारमध्ये नवी पद्धत समजावून दिली. स्वतःच्या नावानं आत शिरून दाखवलं: असं यायचं, असं दाबायचं, काम झालं की असं बाहेर पडायचं. तेवढ्यात धुलाईच्या खोलीत पाणी तुंबल्याचा फोन आला, तसाच पळत खाली आलो. सर्व्हर वाचला.

पाचला उठलो आज. झोपच नव्हती, पण उठलो हे खरं.

१८ मार्च

दुपारी कामात लक्ष लागेना. मधल्या जिन्यात जाऊन बसलो. ताई बसायची त्या पायरीवर. भिंतीचा रंग तिथे थोडा गुळगुळीत झाला आहे, डोकं टेकून टेकून. प्रार्थना करायची होती. काय मागावं ते सुचेना, तेव्हा नुसता बसलो. वॉर्डातलं घड्याळ तिथपर्यंत ऐकू येतं. दोनचे ठोके ऐकले.

खाली येऊन लॉग उघडला.

काल सकाळपासून वॉर्ड चारमधली सगळी औषधं मी दिली आहेत. खाट एक, खाट दोन, खाट पाच. रात्री एक इंजेक्शन दिलं. पहाटे कुणाचा तरी ताप मोजला.

वॉर्डात फोन केला. वावटळीनं उचलला. म्हणाली, "सर, तुमचं चालूच होतं. बाकीची दहा मिनिटांत बंद पडतात, तुमचं पडत नाही. म्हटलं असू दे, तुमचंच नाव बरं."

माझ्या नावाला धक्का न लावता हे कसं आवरावं, याचा थोडा विचार केला. एका ओळीचं काम आहे. हात कीबोर्डवर ठेवला, मग काढला. त्या मुलीचा पत्ता अजून शोधला नाही.

खाट नऊवर आता दुसरा माणूस आहे. त्याला दोनची गोळी मीच दिली, असं समोर लिहिलं आहे.

दोन वाजता मी जिन्यात होतो. एकटाच. तिथे कॅमेरा नाही.